भाऊ गेल्यानंतर समुपदेशक व्हावंसं वाटणं: एका प्रश्नाचं सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंनी लिहिलंय, की त्या ३७ वर्षांच्या आहेत, बी. कॉम. आहेत, सहकारी बँकेत काउंटरवर काम करतात. चार वर्षांपूर्वी त्यांच्या धाकट्या भावाने आत्महत्या केली. तेव्हापासून ओळखीचे-अनोळखी लोक त्यांच्यापाशी मन मोकळं करतात आणि ‘तू किती छान ऐकून घेतेस’ म्हणतात. आता त्यांना थेरपिस्ट व्हायचंय. तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स पुरेल का? उशीर झालाय का? या कामात आलेली माणसं मुळात कशी आली, त्यांच्याही घरात असं काही झालं होतं का? आणि दिवसभर हे सगळं ऐकून रात्री झोप लागते का?

ताई, मी पुण्यात २८ वर्षं समुपदेशन करते आहे. तुमचे प्रश्न दोन-तीनदा वाचले. कोर्स, वय, पात्रता यांची उत्तरं आहेत आणि ती खाली देतेच. पण त्या सगळ्यांच्या तळाशी मला एक वेगळाच प्रश्न दिसला. भावासाठी काही करता आलं नाही, निदान हे दुःख कुणाच्या तरी कामी यावं, आणि हे दुःख मला त्या कामासाठी पात्र ठरवतं का, असं तुम्ही विचारताय. माझं वाचन चुकलं असेल तर बाजूला ठेवा. पण हाच प्रश्न घेऊन आलेली बरीच माणसं मी पाहिली आहेत आणि एके काळी मीही त्यांच्यातलीच होते, म्हणून आधी त्याबद्दल लिहिते.

माझे वडील प्यायचे. आई निमूट सोसायची. मी थोरली, त्यामुळे घरात कोण कधी चिडेल, कुणाला कधी काय बोलायचं नाही, हे मला आठव्या-नवव्या वर्षापासून कळायचं. पुढे समाजकार्याच्या शिक्षणाला गेले तेव्हा ‘मला लोकांना मदत करायला आवडतं’ असं मी मुलाखतीत सांगितलं होतं. ते खरं होतं, पण अर्धंच.

शिकत असतानाच किल्लारीचा भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमाराला दगडमातीच्या जाड भिंती, वरची जड माळवदं अंगावर आली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून जवळजवळ दहा हजार माणसं गेली. दिवाळीनंतर आम्हा विद्यार्थ्यांचा एक गट तिकडे गेला. हातात प्रश्नावल्या होत्या: कुटुंबात किती जण, किती गेले, झोप येते का, भूक लागते का.

एका पत्र्याच्या शेडच्या दारात एक आजी मदतीत आलेला तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी कागद काढला. त्यांनी वरही पाहिलं नाही. म्हणाल्या, “ह्यो तांदूळ कोण खातंय? आमाला जवारी लागती. बस, निवडू लाग.” मी कागद मांडीखाली घातला आणि निवडू लागले. पाऊण तास कुणी काही बोललं नाही. मग आजी एकेक नाव घ्यायला लागल्या. थोरला, त्याची बायको, मधला, नाती. सगळ्यात धाकट्या नातवाचं नाव आलं तेव्हा त्यांचा हात ताटात थांबला. थोड्या वेळाने एक खडा उचलून त्यांनी बाजूला टाकला आणि हात पुन्हा चालू झाला. मी एक शब्द बोलले नाही, कारण मला काय बोलावं ते सुचतच नव्हतं. निघताना मात्र मी म्हणाले, “आजी, मंगळवारी परत येते.”

मंगळवारी आमच्या गटाला दुसऱ्या गावी पाठवलं. मी तीन आठवड्यांनी पोहोचले तोवर आजी लेकीकडे गेल्या होत्या. शेजारीण म्हणाली, “दोन मंगळवार वाट बघितली म्हातारीनं.”

आज कुणी विचारलं की या कामाचं पहिलं शिक्षण कुठे झालं, तर मी ते शेड सांगते. गप्प बसण्याचं काही मोल असतं हे तिथे कळलं. आणि ज्याचं सगळं कोसळलंय त्याला न पाळता येणारा शब्द देणं हा किती मोठा घाव असतो, तेही तिथेच कळलं. तेव्हापासून ‘येते’, ‘फोन करते’, ‘सगळं ठीक होईल’ ही वाक्यं मी तोंडातून जाऊ देत नाही. ठरलेला दिवस, ठरलेली वेळ, तितकंच सांगते आणि ते पाळते.

पण माझ्या स्वतःच्या घरचं दुःख या कामात कसं आडवं येतं, ते कळायला आणखी चार-पाच वर्षं गेली. तुमच्यासाठी हा भाग जास्त महत्त्वाचा आहे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे यायचा. अभ्यासात लक्ष लागत नाही ही तक्रार. तिसऱ्या सेशनला कळलं, वडील पितात. मला वाटलं, आता हा माझ्या हातातला विषय आहे, हे तर मला आतून माहीत आहे. मी त्याला घर सोडून होस्टेलला जायचं सुचवलं, खर्चाची वाट दाखवली, आईशी कसं बोलायचं तेही सांगितलं. तो मान डोलावत राहिला. पुढच्या आठवड्यात आला नाही, नंतरही कधीच आला नाही.

त्या काळी प्रत्येक नव्या काउन्सेलरने एखाद्या सेशनची शब्दशः नोंद लिहून सुपरव्हायजरला दाखवायची, अशी आमच्याकडे पद्धत होती. माझ्या सुपरव्हायजर बाईंनी ते कागद घेतले आणि पेन्सिलीने समासात रेघा मारायला सुरुवात केली. मी बोलले तिथे एक रेघ, तो बोलला तिथे दुसरी. पहिल्या दोन पानांवर माझ्या रेघा बोटभर होत्या. तिसऱ्या पानावर त्या वीतभर झाल्या. बाई म्हणाल्या, “वडील कुठून आले बघ.” बरोबर तिथूनच.

मग त्यांनी त्या मुलाचं एक वाक्य दाखवलं. तो म्हणाला होता, “शुद्धीत असले की बाबा मला गाडीवरून लांब फिरवून आणतात.” त्यावर मी काहीच बोलले नव्हते. पुढचं माझं वाक्य होस्टेलचं होतं. त्या मुलाचं वडिलांवर प्रेम होतं आणि बहुतेक त्याला त्याबद्दलच बोलायचं होतं. मला ते ऐकूच आलं नाही, कारण माझ्या वडिलांवरच्या माझ्या रागाने ती जागा अडवली होती. बाईंनी विचारलं, “तू कुणाच्या समोर बसली होतीस? ह्या पोराच्या, की तुझ्या आईच्या?” मी रडले. त्यांनी पाणी दिलं आणि सांगितलं, नव्या केस घेण्याआधी स्वतःसाठी कुणाकडे तरी जायला लाग. मी दीड वर्ष गेले. पगारातला बराच भाग त्यात जायचा. माझ्या आयुष्यात त्याहून चांगल्या कामी आलेले पैसे मला आठवत नाहीत.

म्हणून तुमच्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर असं: आपलं दुःख आपल्याला या कामाच्या दारापर्यंत आणतं, आणि आत गेल्यावर तेच एका कानात बोळा घालतं. जो अनुभव आपला आहे तो समोरच्याचाही असाच असणार, असं वाटायला लागतं. तुमच्याबाबतीत कल्पना करून बघा. समोर एक बाई बसली आहे आणि आपल्या व्यसनी भावाबद्दल म्हणते आहे, “तो मेला असता तर सुटलो असतो आम्ही.” लोक असं बोलतात, आणि बोलायला त्यांना या खोलीशिवाय दुसरी जागा नसते. ते वाक्य ऐकून तुमच्या पोटात काय होईल? किंवा एखादा तुमच्या भावाच्याच वयाचा मुलगा म्हणेल, “मला जगायचं नाही.” अशा वेळी त्याला थेट विचारावं लागतं, मरणाचे विचार किती दिवस आहेत, काही ठरवलंय का. घरच्या कुणाला सोबत घ्यायचं, मानसोपचारतज्ज्ञांकडे कधी पाठवायचं, आज रात्री त्याच्याजवळ कोण असेल, हे शांतपणे ठरवावं लागतं. ‘याला तरी वाचवीनच’ असं ज्याच्या मनाने घेतलंय, त्याचा आवाज अशा वेळी थरथरतो, आणि समोरचा ते पाहून आपलं बोलणं आवरतं घेतो, कारण मग त्याला आपलीच काळजी वाटायला लागते.

याचा अर्थ दुःख भोगलेल्यांनी या कामात येऊ नये असा मुळीच नाही. मार्शा लिनेहान यांचं उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. स्वतःला इजा करून घेणाऱ्या आणि सतत मरणाचा विचार करणाऱ्या रुग्णांसाठी त्यांनी डीबीटी (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी) ही उपचारपद्धती घडवली. १९६१ साली, १७ वर्षांच्या असताना, त्या स्वतः अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दाखल होत्या. हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं ते २०११ मध्ये, त्याच संस्थेत उभं राहून. मधल्या ५० वर्षांत शिक्षण होतं, संशोधन होतं, आणि जे आपल्याला उपयोगी पडलं ते इतरांनाही पडतं का हे तपासून बघणं होतं. तो तपासून बघण्याचा भाग मला फार मोलाचा वाटतो.

आपल्याकडे तर अनुभवी माणसाला उपचारात मानाची जागा देणारी मोठी परंपरा आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. व्यसनातून बाहेर आलेली माणसं तिथे कार्यकर्ते, समुपदेशक म्हणून उभी राहिली. आपण खोटं बोलतोय हे समोरच्याला लगेच कळणार, कारण तोही कधी काळी हेच बोलत होता, याचा रुग्णावर होणारा परिणाम पुस्तकातून आणता येत नाही. पण तिथेही आधी व्यसनमुक्तीचा स्वतःचा काळ, मग प्रशिक्षण, आणि सोबतीला डॉक्टर व अनुभवी मंडळी, अशी रचना असते. एकट्याच्या बळावर कुणी कुणाला बरं करत नाही. कॅनडातले प्राध्यापक जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. ते थेरपिस्ट झाले नाहीत. त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, जिथे रुग्णांचे नातेवाईक एकमेकांना भेटू, बोलू लागले. हेही उपचाराच्या कामातच मोडतं. तुम्हाला कदाचित थेरपिस्टची खुर्ची नको असेल, आत्महत्येने माणूस गमावलेल्या घरांचा एक गट हवा असेल. दोन्ही वाटा खुल्या ठेवून विचार करा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

आता ‘छान ऐकून घेतेस’बद्दल. ही देणगी आहे, तिला कमी लेखू नका. काउंटरवर तुम्हाला जे शिकायला मिळालंय ते एम. ए.च्या वर्गात मिळत नाही. थकलेल्या हप्त्याबद्दल माणूस किती आडून बोलतो, नोटीस आलेला शेतकरी आधी पावसाबद्दल बोलतो, हे तुम्ही जाणता. माझ्याकडे शहरात वाढलेली, इंग्रजीतून शिकलेली हुशार मुलं येतात. क्लायंट म्हणतो, “जिवाला घोर लागलाय,” आणि ती लिहितात, ‘एन्झायटी’. मी विचारते, घोर कुणाचा? घोर बहुतेक वेळा कुणाचा तरी असतो. लग्न न झालेल्या मुलीचा, परगावी गेलेल्या मुलाचा. “करमत नाही” वेगळं, “जीव घाबरा होतो” वेगळं, “कशात राम वाटत नाही” अगदी वेगळं. तुम्हाला हे फरक आपोआप कळतील आणि त्याचा फार उपयोग होईल.

पण ओळखीच्या माणसाचं ऐकणं आणि समुपदेशन यांत फरक आहे. तिथे तुम्ही दोघीही आपापलं सांगता. इथे खोलीतला वेळ फक्त त्याचा असतो. तिथे चहा होतो, सल्ला दिला जातो, पुढे लग्नाला बोलावणं येतं. इथे पन्नास मिनिटं, घड्याळ, फी, नोंद आणि गुप्तता असते. आपल्याकडे क्लायंट लगेच ‘ताई’ म्हणतात आणि ताई म्हटलं की राखीपौर्णिमेला घरी यायचा आग्रह होतो. तो नम्रपणे नाकारणं शिकावं लागतं. तुमच्यासारख्या, जिचा भाऊ गेलाय तिला ते किती जड जाईल, याची मला कल्पना आहे.

तर मग शिक्षणाचं काय? तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स ओळख करून घ्यायला ठीक आहे. त्यावर पाटी लावून माणसं बसवू नका. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं शिक्षण आणि तिथली नोंदणी लागते. आजवर त्यासाठी एम. फिल. हा मुख्य रस्ता होता. नव्या शैक्षणिक धोरणात एम. फिल. बंद होत असल्याने अभ्यासक्रमांची नावं आणि स्वरूप बदलत आहेत, म्हणून प्रवेशाआधी ती संस्था आणि तो कोर्स परिषदेच्या यादीत आहे का हे स्वतः पाहा, एजंटवर विसंबू नका. समुपदेशकांसाठी अशी काटेकोर नोंदणी आजवर नव्हती, त्यामुळे कुणीही पाटी लावू शकत होतं आणि त्याचे परिणाम आम्ही रोज निस्तरतो. केंद्राच्या २०२१ च्या अलाइड हेल्थकेअर कायद्यात मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांचाही समावेश आहे, तेव्हा पुढे नियम कडक होतील असं धरून चाला.

तुम्ही बी. कॉम. आहात, नोकरी करता. मानसशास्त्रात एम. ए. हा पाया घालावाच लागेल. इग्नूच्या एम. ए. ला कोणत्याही शाखेच्या पदवीधराला प्रवेश मिळायचा आणि नोकरी सांभाळून ते करता यायचं, पण २०२५ पासून यूजीसीने मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांचे नवे प्रवेश थांबवले आहेत. वर्गात शिकवणाऱ्या विद्यापीठांचे नियम वेगवेगळे आहेत, ते विचारून घ्या. नुसत्या पुस्तकी अभ्यासात एक मोठी उणीव राहते, ती म्हणजे प्रत्यक्ष माणसासमोर बसण्याचा सराव. तो वेगळा मिळवावा लागतो. मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्या ठाण्याच्या आयपीएचसारख्या संस्था, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची (टिस) आयकॉल हेल्पलाइन, पुण्यातली आत्महत्या-प्रतिबंधाचं काम करणारी कनेक्टिंग संस्था, अशा ठिकाणी कुणासाठी कोणतं प्रशिक्षण चालू आहे ते वेळोवेळी बघत राहा. हेल्पलाइनचं काम मात्र अजून वर्षभर तरी घेऊ नका. भावाचं दुःख अजून ताजं असेल तर तिथला एकेक फोन तुम्हाला परत त्या दिवसात नेईल.

गावात सुपरव्हायजर कुठून आणायचा, ही अडचण खरी आहे. पण मुंबईच्या कि. मो. फडके यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती (आरईबीटी) शिकण्यासाठी तिचे जनक, न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस यांच्याशी १९६८ पासून पत्रव्यवहार केला, तो कितीतरी वर्षं चालला. पोस्टाची पत्रं होती तेव्हाही हे जमलं, आता तर व्हिडिओ कॉल आहे. पंधरा दिवसांतून एक तास आपल्या केस दुसऱ्या अनुभवी माणसासमोर मांडायच्या, आणि त्याचे पैसे द्यायचे. हा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा.

उशीर झालाय का? नाही. ३७ हे वय या कामात लवकरच आहे. चाळिशीतल्या माणसाला संसार, पैसा, आजारपण, मृत्यू यांच्याबद्दल जे कळलेलं असतं त्याचा क्लायंटला आधार वाटतो. फक्त बँकेची नोकरी निदान चार-पाच वर्षं सोडू नका. मी सुरुवातीला शाळेत पगारावर काम केलं आणि संध्याकाळी क्लायंट पाहिले. घरभाडं क्लायंटच्या फीवर अवलंबून असलं, की ज्याला आता यायची गरज नाही त्यालाही आपण ‘आणखी दोन सेशन करू’ म्हणायला लागतो. हे सगळं तुमच्या घरच्या जबाबदाऱ्यांवर, पैशांवर, तब्येतीवर अवलंबून आहे, आणि ते मला माहीत नाही. क्रम मात्र मी असा ठेवीन: आधी स्वतःसाठी कुणीतरी, मग एम. ए., मग देखरेखीखाली सराव, आणि पाटी सगळ्यात शेवटी.

ते पहिलं काम याच महिन्यात करा. तुमच्या भावाबद्दल, फक्त तुमच्यासाठी, बोलायला एक माणूस शोधा. खासगी परवडत नसेल तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात चौकशी करा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि त्यावर मराठीत बोलता येतं. एखादी रात्र फारच जड गेली तर तो लावा. चार वर्षं तुम्ही सगळ्यांचं ऐकत आलात. तुमचं कुणी ऐकलं की नाही, हे तुमच्या पत्रात कुठेच नव्हतं.

राहिला झोपेचा प्रश्न. बहुतेक दिवस लागते. शेवटचं सेशन सात वाजता संपतं. मी नोंदी लिहिते, कपाटाला कुलूप लावते आणि मुद्दाम दोन स्टॉप चालत जाऊन बस पकडते, म्हणजे घरी पोहोचेपर्यंत आवाज ओसरतात. नाही झोप लागली तर सकाळी बाईंना फोन करते. त्या आता ऐंशीच्या घरात आहेत, ऐकायला जरा कमी येतं, म्हणून मला सगळं मोठ्याने सांगावं लागतं.